एका मापाच्या दोघी

"हात पसर. आणखी. खांदे उचलू नकोस, उंच व्हायचं नाहीये तुला," लोंढे सर म्हणाले आणि माझ्या एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत त्यांनी टेप ताणला.

मी भिंतीला पाठ लावून उभी. दोन्ही हात पसरलेले, समोर दहा-बारा पोरंपोरी माझ्याकडे बघतायत.

"सर, धनुष्य देताय की ब्लाउज शिवताय?" मी विचारलं. माझं तोंड तेव्हाही असंच होतं.

पोरं फिदीफिदी हसली. त्यांच्या मागून एक बाई मोठ्यानं हसली. चाळिशीच्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली आणि पायात पांढरेशुभ्र नवे बूट.

"शिवणारच असाल तर माझंही माप घ्या," त्या म्हणाल्या आणि येऊन माझ्या शेजारी भिंतीला टेकल्या.

सरांनी त्यांच्या हातांना टेप लावला. आकडा बघितला, पुन्हा बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे वा रे वा! सुताचा फरक नाही. बायांच्या मापाचं कंपाउंड क्लबात एकच आहे, कुणाला देऊ म्हणून सकाळपासून डोकं धरून बसलो होतो. आता दोघींनी वाटून घ्या."

"वाटून म्हणजे?" मी म्हटलं. "अर्धं-अर्धं?"

"तोंड आवर आधी," सर म्हणाले.

त्या बाई म्हणजे मालनताई. आणि ही गोष्ट विट्याची, मी बावीस-तेवीस वर्षांची असतानाची.

कंपाउंड धनुष्य काय प्रकरण असतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. साधं धनुष्य कुणीही आपापल्या ताकदीनं ओढावं. कंपाउंडला दोन्ही टोकांना चाकं असतात, त्यावरून तारा फिरलेल्या. ओढताना आधी जीव जातो, दंड थरथरतात, आणि मग एका जागी चाकं फिरून गेली की एकदम हलकं. तिथं दोरी अडते, एक इंच मागे येत नाही. ती अडायची जागा माणसाच्या मापानं बांधून घ्यावी लागते. त्यामुळे याचं धनुष्य त्याला चालत नाही. उसनं देणं-घेणं हा प्रकारच नाही. आमचं माप एक निघालं हा निव्वळ योगायोग.

पहिल्या दिवशी सरांनी एकच गोष्ट शिकवली आणि शंभरदा म्हणून घेतली. बाण लावलेला नसताना दोरी सोडायची नाही. कधीच नाही. सोडली तर सगळी ताकद बाणाऐवजी धनुष्यातच जाते आणि ते जागच्या जागी फुटतं. "तुमचे दात पडले तरी मला वाईट वाटणार नाही," सर म्हणाले, "धनुष्य नवीन मिळायचं नाही."

दोरी बोटांनी सोडायची नसते. मनगटाला पट्टा, पट्ट्याला आकडा, आकड्याला बटण. हा आकडा दोरीत अडकवायचा आणि बटणानं सोडायची. त्या बटणानं मला रडवलं. नेम मधोमध आला रे आला की मी खाडकन दाबायची, आणि बाण कुठल्या कुठे.

"दाबायचं नाही!" सर ओरडायचे. "बोट नुसतं टेकव आणि पाठीनं ओढत राहा. सुटेल तेव्हा सुटेल. तुझं तुलाच कळता कामा नये."

"माझं मलाच कळायचं नसेल तर मी कशाला पाहिजे? खुंटी ठोका नि तिला बांधा."

सरांनी मला दोन महिने पाच पावलांवरच्या गवताच्या गठ्ठ्यासमोर डोळे मिटून उभं केलं. नेम नाही, टार्गेट नाही. ओढा, थांबा, सुटू द्या. मला वाटायचं, हा माणूस माझी चेष्टा करतोय. मालनताई मात्र पहिल्याच आठवड्यात टार्गेटसमोरच्या लाइनीवर आल्या. थांबायचं म्हटलं की त्या थांबायच्या. थांबणं त्यांना कुणी शिकवायला नकोच होतं.

त्या क्लबात आल्या कशा तेही ऐकण्यासारखं. दिराच्या मुलाची फी भरली, तो दोन दिवसांत पळाला. "पैसे तर गेलेलेच, म्हटलं आपणच जाऊन बघावं," त्या सांगायच्या. नवऱ्याचं गलाईचं दुकान, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम, तिकडे लांब कोइमतूरला. आमच्या भागातली निम्मी घरं अशीच चालतात. नवरा जत्रेला आणि दिवाळीला यायचा. इथं सासू, सासरे, दीर, जाऊ, त्यांची मुलं. घरी सगळ्यांना वाटायचं त्या चालायला जातात.

"आणि हाताला हे काळंनिळं काय म्हणून विचारत नाहीत?" मी एकदा विचारलं. सुरुवातीला दोरी डाव्या हाताला घासून जाते. आम्हा दोघींचे हात वांग्याच्या रंगाचे झाले होते.

"कोण बघतंय गं," त्या म्हणाल्या आणि माझ्याच हाताला हळद लावत बसल्या.

माझं म्हणाल तर मी शौकानं आले नव्हते. आई गेल्यावर मी मामाकडे वाढले. मामानं काही कमी केलं नाही, पण केलेलं विसरूही दिलं नाही. पाहुणे आले की पहिला विषय मी. "भाचीला सांभाळली, शिकवली, पोटच्या पोरीसारखी." मी चहाचे कप घेऊन दारात उभी, आणि पाहुणे माझ्याकडे बघून मान हलवतायत. त्या माना मला अजून स्वप्नात दिसतात. मला पोलिसात जायचं होतं, स्वतःच्या पगारावर. एका गुणानं भरती हुकली होती. मग कुणीतरी सांगितलं, खेळाडूंच्या कोट्यातून जा. कंपाउंडमध्ये बायांचे संघच थोडे. जिल्ह्याच्या संघात तिघींत नाव लागलं की राज्यस्पर्धेतलं संघाचं पदक जवळजवळ ठरलेलं, आणि पदक असलं की कोटा.

मामानं एक वर्ष दिलं. "यंदा जमलं तर जमलं. नाहीतर पलूसच्या लोकांना होकार कळवतो." पलूसच्या मुलाचा फोटो घरात येऊन पडला होता. फोटोतही तो कंटाळलेला दिसत होता.

तर एक धनुष्य आणि दोघी. मी मारायचे तेव्हा त्या मागे खुर्चीवर, त्या मारायच्या तेव्हा मी. माप एक असलं तरी चेहरे वेगळे. त्यांचा लांबट, माझा गोल वाटीसारखा. दोरी गालाला टेकते ती जागा बदलते आणि मग नेम धरायची साइट वरखाली करावी लागते. ताईंनी त्यावर तोड काढली. साइटच्या पट्टीवर माझ्यासाठी तांबड्या नेलपॉलिशची रेघ, त्यांच्यासाठी व्हाइटनरची पांढरी. जी मारून होईल तिनं धनुष्य देताना काटा दुसरीच्या रेघेवर सरकवून द्यायचा. मी चारदा विसरले असेन. ताई तांबड्यावरच मारायच्या आणि बाण नीट सरळ रेषेत पण खाली, मधल्या दहाऐवजी आठात जाऊन बसायचा. "उर्मे! काटा कोण तुझा मामा फिरवणार?" त्या ओरडायच्या. त्या स्वतः एकदाही विसरल्या नाहीत.

निवड चाचणी सांगलीला होती. मामा मुद्दाम आला होता, धोतर-टोपी घालून, लग्नाला आल्यासारखा. पन्नास मीटरवर टार्गेट. पाळ्या दोन होत्या, पहिल्या पाळीत ताई, दुसरीत मी, त्यामुळे एका धनुष्यावर निभावलं. दिवसभर मी कुणाकडे बघितलं नाही. खाडकन बटण दाबायची ती सवय चार-पाचदाच उसळली. पहिल्या दोन जागा मिरजेच्या मुलींनी नेल्या, त्या आमच्यापेक्षा फार पुढे होत्या. राहिली तिसरी.

पंचांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "तिसऱ्या जागेसाठी उर्मिला घोरपडे आणि मालन शितोळे. गुण सारखे."

मैदानात पहिल्यांदा कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"एकेक बाण. जिचे गुण जास्त ती संघात. सारखे आले तर पुन्हा एकेक," पंच म्हणाले. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "दुसरं धनुष्य कुठाय?"

"एकच आहे साहेब," लोंढे सर म्हणाले. "एका मापाच्या आहेत दोघी."

"एकमेकींविरुद्ध? एकाच धनुष्यावर?" पंचांनी आयुष्यात असं बघितलं नसावं. थोडा विचार करून म्हणाले, "बरं. आधी एक मारेल, मग दुसरी. आटपा, ऊन उतरतंय."

मी पाणी प्यायला नळाकडे गेले. परत येताना बघितलं तर मंडपाच्या खांबाशी मामा ताईंसमोर उभा. ऐकू काही आलं नाही. पण मामानं टोपी काढली होती आणि हात जोडले होते, आणि ताई मान हलवत होत्या. अगदी त्या पाहुण्यांसारखी.

माझ्या डोक्यात कळ गेली. पण मी स्वतःला सांगितलं, नसेल तसं. शुभेच्छा देत असेल.

ताई लाइनीवर गेल्या. त्या दिवशी शेवटचा बाण मी मारला होता आणि या गडबडीत काटा तांबड्यावरच राहिला होता. मी दोन पावलं मागे उभी होते. ताईंनी बाण लावला. साइटला हात लावला नाही. मला वाटलं, आता लावतील. त्यांनी धनुष्य उचललं, ओढलं, थांबल्या. काय थांबल्या! पापणी हलली नाही. बाण सुटला.

सरांनी दुर्बीण लावली. "आठ. खाली."

नुसतं खाली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. बाण चुकतो तेव्हा तो असा शहाण्यासारखा चुकत नाही.

ताईंनी धनुष्य माझ्या हातात दिलं. "घे. तयार आहे," म्हणाल्या आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

काटा तांबड्या रेघेवर होता. माझ्या. तो तिथून हललाच नव्हता.

मला समजलं आणि असा संताप आला म्हणून सांगू! समोर नऊ मारला की संपलं होतं. नऊ तर मी झोपेत मारला असता. संघ, पदक, वर्दी, पगार, सगळं त्या एका बाणावर. आणि पुढे जन्मभर एक बाई कुठंतरी बसून मान हलवणार, आणि मामा पाहुण्यांना सांगणार, मी हात जोडले म्हणून पोरगी लागली. नको. मेले तरी नको. आणि त्याहून मोठं म्हणजे मला ताईंचा राग आला. या बाईच्या हातात सोनं आहे हे वर्षभर मी मागे बसून बघत होते. ते त्यांनी असं, भाजीवर कोथिंबीर टाकावी तसं, मला टाकून दिलं होतं.

मी साइटचा स्क्रू सैल केला, काटा पांढऱ्या रेघेवर नेला आणि घट्ट केला. सावकाश, त्यांना दिसेल असा. मग ओढलं आणि बरोब्बर मधोमध नेम धरला. त्या दिवसातला सगळ्यात सुंदर बाण सुटला तो.

"आठ," सर दुर्बिणीतून म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "वर."

"सारखे," पंच म्हणाले. "पुन्हा."

ताई तरातरा माझ्याजवळ आल्या. चेहरा पांढराफटक. "उर्मे, काय केलंस हे?"

"तुम्ही केलंत तेच."

"अगं, तुझ्या नोकरीचं आहे! मला मेलीला काय करायचंय त्या संघाचं?"

"ते मला माहीत नाही. तुम्ही परत तांबड्यावर मारा, मी परत पांढऱ्यावर मारते. अंधार पडेपर्यंत मारू. मामाची एसटी चुकेल, चुकू दे."

"उर्मे, ऐक माझं..."

"नाही ऐकणार. काटा तुमच्या रेघेवरच आहे. मारा, नाहीतर धनुष्य खाली ठेवते आणि पंचांना सगळं सांगते."

पंच घड्याळ बघत होते. ताईंनी धनुष्य घेतलं. लाइनीवर उभ्या राहिल्या. या वेळी ओढायच्या आधी त्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा चेहराच बदलला होता. त्या चेहऱ्याची बाई मी वर्षभरात बघितली नव्हती. ओढलं, थांबल्या. बाण गेला.

सरांनी दुर्बिणीवरून डोळा काढलाच नाही. "दहा," म्हणाले. "अगदी मधोमध."

ताईंनी काटा तांबड्यावर फिरवला, स्क्रू दोनदा तपासला आणि धनुष्य माझ्याकडे दिलं. आता त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या.

मी जिंकायला मारला. हे नीट ऐका, कारण लोकांना वाटतं मी सोडून दिलं. मुळीच नाही. मला जिंकायचंच होतं. माझं सगळं त्या बाणात होतं. बोट टेकवलं, पाठीनं ओढत राहिले, आणि अगदी शेवटी, नेम मधोमध आला तसं माझं बोट खाडकन दाबलं गेलं.

टार्गेटपाशी आम्ही सगळे चालत गेलो. माझा बाण दहाच्या रेघेच्या अगदी कडेशी उभा. रेघेला शिवला की वरचे गुण मिळतात.

"शिवलाय! दहा आहे तो!" ताई पंचांच्या आधी वाकल्या. "बघा की साहेब नीट!"

"नाही शिवलेला," मी म्हटलं. "मधे पट्टी दिसतेय पिवळी. नऊ."

"तू गप्प बस. साहेब, दहा!"

"नऊ आहे साहेब!"

पंचांनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "अहो, आपापल्या बाजूनं तरी भांडा," म्हणाले आणि खिशातून भिंग काढलं. बराच वेळ वाकून बघत होते. सरळ झाले तेव्हा त्यांनी मला उद्देशून अगदी हळू आवाजात सांगितलं, "नऊ आहे, बाळ."

मामा स्टँडवर निघून गेला. पलूसला होकार कळवायचा त्यानं प्रयत्न केला, पण मी पुढच्या भरतीचा फॉर्म भरून मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेले होते. कोट्याशिवाय, धावून धावून, तिसऱ्या खेपेला लागले. ती धावपळ वेगळी सांगण्यासारखी आहे, पण ते असो.

त्या संध्याकाळी सर कागदपत्रं करायला गेले आणि आम्ही दोघी मंडपाच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो. मधे धनुष्याची पेटी. ताईंनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मला रडू येत होतं आणि मी ते दाबून धरलं होतं. नोकरी हातातून गेली होती, मी काही दगड नव्हते.

"बोला की काहीतरी," शेवटी मी म्हटलं. "शिव्या द्या, पण बोला."

"कशाला केलंस?"

"मला नको होतं तसलं. मामाचं काय कमी झालंय, त्यात तुमची भर."

"उपकार म्हणून नव्हतं गं केलं." ताई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "तुझ्या मामांनी हात जोडले. मला वाटलं, ठीक आहे. एवढंच. फार विचारसुद्धा नाही केला मी. आणि कुणाला कळेल असं वाटलंच नाही."

"कळणार नाही कसं? मी मागेच उभी होते."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"लग्न झाल्यापासून हेच करत आलेय मी," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसाठी. आजवर एकाच्याही लक्षात आलं नव्हतं."

आणि मग ती बाई रडली. हुंदके देऊन, मोठ्यानं, छातीवर स्पर्धेचा नंबर तसाच लावलेला. मिरजेच्या पोरी लांबून बघायला लागल्या. मी, जिचं तोंड कधी बंद नसतं, ती नुसती त्यांचा हात धरून बसले.

थोड्या वेळानं त्यांनी नाक पुसलं. पुसता पुसता, कुणी ऐकत नाही ना असं बघून, हळूच विचारलं, "उर्मे, माझा दहाच होता ना गं?"

"दहाच होता."

"मधोमध?"

"अगदी मधोमध, ताई."